आठ वजाबाक्यांचं पान: शाळेत शिकवायला गेलेल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा एक प्रकरण अभ्यास

वहीच्या त्या पानावर आठ वजाबाक्या होत्या. दोन बरोबर, सहा चूक. ५२ वजा २७ चं उत्तर ३५ लिहिलेलं. ७१ वजा ३८ चं ४७. ६४ वजा २९ चं ४५. पान पाचवीतल्या एका मुलाचं होतं. त्याला शिकवायला जाणाऱ्या आमच्या द्वितीय वर्षाच्या विद्यार्थिनीने ते माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "मॅडम, तीन आठवडे झाले. माझ्यासमोर सगळी बरोबर सोडवतो आणि पुढच्या वेळी परत हेच. मला शिकवता येत नाहीये."

महाविद्यालयातले विद्यार्थी जवळच्या शाळेत स्वयंसेवक म्हणून शिकवायला पाठवायचे, या उपक्रमाची मी समन्वयक होते. हा लेख त्यातल्या एकाच जोडीचा आहे: ती विद्यार्थिनी, जिला मुलं 'ताई' म्हणत, आणि तो मुलगा. ओळख पटेल असे तपशील मी गाळले आहेत. जे घडलं त्यात तिची चूक थोडी होती आणि माझी बरीच. ती नीट लिहून ठेवली, तर असा उपक्रम सुरू करणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडेल असं मला मनापासून वाटतं.

ते पान आम्ही दोघींनी पुन्हा पाहिलं. बरोबर आलेल्या दोन वजाबाक्या होत्या ८६ वजा ४३ आणि ५९ वजा २४. मी विचारलं, "या दोनच का बरोबर आल्या?" ती क्षणभर बघत राहिली. "यांत हातचा नाही." उरलेल्या सहांत हातचा होता आणि सहाही ठिकाणी मुलाने एकच नियम पाळला होता. प्रत्येक उभ्या रांगेत मोठ्या आकड्यातून लहान आकडा काढायचा. वर कोणता, खाली कोणता, हे बघायचंच नाही. ५२ आणि २७ मध्ये सातातून दोन गेले, पाच. पाचातून दोन गेले, तीन. पस्तीस.

या चुकीशी अभ्यासकांची ओळख जुनी आहे. १९७८ मध्ये जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी मुलांच्या आकडेमोडीतल्या चुकांवर एक निबंध प्रसिद्ध केला. मुलांची पुष्कळशी चुकीची उत्तरं निष्काळजीपणातून येत नाहीत. मुलाच्या डोक्यात एखादी बिघडलेली पण पक्की रीत बसलेली असते आणि उत्तरं त्या रीतीबरहुकूम निघतात, असं त्यांनी दाखवलं. संगणकाच्या प्रोग्रॅममधल्या दोषाला 'बग' म्हणतात, तोच शब्द त्यांनी या रीतींना दिला. 'मोठ्यातून लहान' हा त्यातला फार ओळखीचा बग. एकदा तो कळला की मूल पुढचं कोणतं उत्तर चुकवेल आणि नेमकं काय लिहील, हेही आधी सांगता येतं.

मी ताईला म्हटलं, शुक्रवारी काही शिकवू नकोस, फक्त विचार.

शुक्रवारी तिने नवीन वजाबाकी दिली, त्याने आपल्या रीतीने सोडवली आणि ती म्हणाली, "कसं केलंस ते मला सांग. चूक-बरोबर मी काही बोलणार नाही." तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "बाईंनी सांगितलंय, लहानातून मोठा जात नाही. दोनातून सात जात नाहीत. म्हणून सातातून दोन काढले."

हे वाक्य तिने मला फोनवर सांगितलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दुसरीत कधीतरी ऐकलेलं ते वाक्य त्याने तीन वर्षं इमानाने सांभाळलं होतं. दुसरीच्या पुस्तकापुरतं ते उपयोगाचंही होतं. त्या काळात त्याच्या प्रत्येक पानावर लाल फुल्या पडत गेल्या, तो 'कच्चा' ठरला, आणि तू हे कसं केलंस, असं त्याला एकदाही कुणी विचारलं नव्हतं.

मग ताईसमोर तो बरोबर कसा सोडवायचा? तिला आठवायला सांगितलं तसं तिच्याच लक्षात आलं. ती बोट ठेवून बोलत असे, "आता शेजारी जा, एक हातचा घे, इथे चार कर, इथे बारा." पायऱ्या ती चढत होती, तो फक्त लिहून घेत होता. डेव्हिड वुड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस यांनी १९७६ मध्ये लहान मुलांना लाकडी ठोकळे रचायला शिकवताना काय घडतं याचा अभ्यास केला. इमारतीभोवती परांची बांधतात तसा शिकवणाऱ्याचा आधार असतो, ही कल्पना शिक्षणाच्या चर्चेत आली ती त्या निबंधामुळे. परांची शेवटी उतरवायची असते. आमच्या ताईने पहिल्या गणिताला जेवढा आधार दिला, तेवढाच विसाव्या गणितालाही दिला. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायचं काम माझं होतं.

मुळात आम्ही काय ठरवलं होतं

शाळेच्या मुख्याध्यापकांशी पहिली बैठक अर्ध्या तासाची झाली. त्यांनी विचारलं, "किती जण येतील?" मी म्हणाले, "तुम्हाला हवेत तितके." उत्साहात बोललेल्या त्या एका वाक्याने पुढे फार त्रास दिला.

नावं भरभरून आली. मी सगळ्यांना एकत्र बसवून तासभर बोलले. प्रेमाने वागा, रागावू नका, वेळेवर जा, मुलांचे फोटो काढू नका. त्यातली एकही गोष्ट चुकीची नव्हती. पण मूल कुठे अडलंय ते कसं शोधायचं, यावर मी एक शब्दही बोलले नाही, कारण मी स्वतःच त्याचा विचार केला नव्हता. पदवीच्या वर्गातल्या मुलांना पाचवीचं गणित येतंच, मग ते शिकवायला काय लागतं, असं मी गृहीत धरलं होतं. विषय येणं वेगळं आणि तो न येणाऱ्याच्या शेजारी बसता येणं वेगळं, हे इतकी वर्षं शिकवणाऱ्या मला माहीत असायला हवं होतं.

शाळेने 'कच्च्या' मुलांची यादी दिली. वेळ ठरली मंगळवार-शुक्रवारचा शेवटचा तास. जागा, व्हरांडा. विषय, वर्गात चालू असलेला धडा. म्हणजे या मुलाला ताई सुरुवातीला अपूर्णांक शिकवत होती. वजाबाकीचं पान योगायोगाने निघालं, कारण अपूर्णांकाच्या एका उदाहरणात वजाबाकी करायची होती आणि तिथे गाडी रुतली.

पहिल्या दोन आठवड्यांत आणखी एक गोष्ट सुरू झाली. कोणी शिक्षक रजेवर असले की आमच्या मुलांपैकी कुणाला तरी त्या वर्गावर पाठवलं जाऊ लागलं. विद्यार्थ्यांना ते आवडलं. फळ्यासमोर उभं राहायला मिळालं, चाळीस डोकी एकदम 'नमस्ते दादा' म्हणू लागली. मीही मनात म्हटलं, शाळेची सोय होतेय. पण ज्या दोन मुलांसाठी तो दादा आला होता, ती त्या दिवशी व्हरांड्यात नुसतीच बसून राहत.

हे आमच्याच शाळेत घडतं असं नाही. 'प्रथम' या संस्थेने २००८ ते २०१० या काळात बिहार आणि उत्तराखंडमध्ये सरकारी शाळांसोबत काम केलं आणि त्याचं मोजमाप अभिजित बॅनर्जी, रुक्मिणी बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं. बिहारमध्ये स्वयंसेवक शाळेच्या वेळेनंतर मुलांना वेगळे घेऊन बसत. तिथे वाचन आणि गणित दोन्हींत फरक पडला. उत्तराखंडमध्ये स्वयंसेवक शाळेच्या आत, शाळेच्या वेळेत होते, आणि तिथे ते हळूहळू नेहमीच्या शिक्षकांसारखेच वापरले गेले. मुलांच्या शिकण्यात फरक दिसला नाही. माणसं मनापासून आली होती, पण ज्या कामासाठी आली तेच मागे पडलं. हे वाचल्यावर मी मुख्याध्यापकांना भेटले आणि वर्गावर पाठवणं थांबवायची विनंती केली. त्यांनी ती मान्य केली. मोकळ्या वर्गाचा त्यांचा प्रश्न मात्र तसाच राहिला, हेही इथे नोंदवायला हवं.

एकोणपन्नास

वजाबाकीच्या मुळाशी जायचं ठरल्यावर ताईने त्याला संख्या तोंडी सांगून लिहायला लावल्या. त्रेपन्न म्हटल्यावर त्याने ३५ लिहिले. चौऱ्याहत्तर म्हटल्यावर आधी ४ लिहिला, मग थांबला, मग त्याच्या डावीकडे ७ बसवला. एकोणपन्नासला ५९.

या चुकांचं मूळ आपल्या भाषेत आहे. आपल्या संख्यानामांत एकक आधी येतो आणि दशक मागून. कान 'तीन' ऐकतो, मग 'पन्नास'. हाताला मात्र पाच आधी लिहायचा असतो. जर्मन भाषेतही 'तीन आणि पन्नास' असंच म्हणतात आणि तिथल्या मुलांनाही ही उलटापालट जड जाते. त्यात आपल्याकडे एकोणतीस, एकोणपन्नास अशी नावं आहेत. नावात पन्नास आणि लिहायचं चारपासून. मोठ्यांना हे कधी शिकलो तेसुद्धा आठवत नाही, म्हणून शिकवताना त्यातली अडचण दिसतच नाही.

त्याला दशक-एकक हे शब्द पाठ होते. ५२ मधला ५ म्हणजे दहाचे पाच गठ्ठे, हे मात्र त्याच्या मनात कधी उतरलंच नव्हतं. त्याच्यासाठी ५२ म्हणजे शेजारी-शेजारी लिहिलेले दोन आकडे. मग शेजाऱ्याकडून एक उसना घेतला की त्याचे इकडे येऊन दहा कसे होतात, हे त्याला का पटावं? ताईने तीन आठवडे त्याला जी रीत शिकवली, ती त्याच्या दृष्टीने जादूच्या मंत्रासारखी होती. ताई समोर असताना म्हणायचा, ती गेली की विसरायचा.

पुढच्या मंगळवारी ती काड्या आणि रबरबँड घेऊन गेली. दहा-दहांचे गठ्ठे दोघांनी मिळून बांधले. बावन्न मांड म्हटल्यावर त्याने पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या मांडल्या. "आता यातले सत्तावीस मला दे." दोन गठ्ठे त्याने लगेच दिले. मग सात द्यायचे होते आणि सुट्या होत्या दोनच. तो थांबला.

इथे तिने जे केलं ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं. ती गप्प बसली. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांतली संभाषणं टेप करून मोजलं होतं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी सरासरी सुमारे एकच सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबलं तरी मुलांची उत्तरं लांबतात, 'माहीत नाही' कमी होतं, आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागतात. ताईला मी हे सांगितलं होतं. ती म्हणाली, तीन सेकंद नाही मॅडम, मी मनात शंभरपर्यंत मोजलं असेल.

त्याने एक गठ्ठा उचलला, खाली ठेवला, परत उचलला. आणि विचारलं, "ताई, रबर काढू का?"

त्या दिवसापासून त्या दोघांत हातच्याला 'रबर काढणं' असंच नाव पडलं. कागदावर पाचाला रेघ मारून वर चार लिहिताना तो पुटपुटायचा, "एकाचं रबर काढलं." दोन आठवड्यांत त्याचं पान बदललं. सगळं बरोबर येत होतं असं नाही, पण चुका आता विखुरलेल्या होत्या, ती जुनी एकसारखी चूक गेली होती. उत्तर आलं की आता तो स्वतःच ते पुन्हा तपासून पाहू लागला.

बाईंची बाजू

वर्गशिक्षिका बाईंना हे सगळं आवडलं नव्हतं, आणि त्यांची कारणं खरी होती. त्या मला म्हणाल्या, "मॅडम, परीक्षेत अपूर्णांक येणार आहेत. काड्या नाही येणार." पालक त्यांना विचारणार, वरिष्ठ त्यांना विचारणार. आमची ताई काही महिन्यांनी निघून जाणार होती. त्यांना तिथेच राहायचं होतं.

मी त्यांना मुंबई आणि बडोद्यातल्या 'बालसखी' कार्यक्रमाबद्दल सांगितलं. तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांना वस्तीतल्याच तरुण मुली दिवसातून सुमारे दोन तास वेगळ्या घेऊन बसत आणि वर्गाचा धडा बाजूला ठेवून, मूल जिथे आहे तिथून शिकवत. त्या मुलींकडे शिक्षकाची पदवी नव्हती. तरी मुलं पुढे गेली. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांचा त्यावरचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. बाईंनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "रोज दोन तास. तुमचे किती आहेत?"

आमचे आठवड्याला दोन होते. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

शेवटी त्यांनी दोन अटींवर होकार दिला. मुलाला गणिताच्या तासातून उठवायचं नाही. आणि ताई काय करतेय हे त्यांना दर आठवड्याला कळलं पाहिजे. दुसरी अट ऐकून मला शरम वाटली. त्यांच्या वर्गातल्या मुलासोबत आम्ही महिनाभर काम करत होतो आणि त्यांना काहीच कळवत नव्हतो.

बोलता बोलता बाईंनीच आणखी एक गोष्ट दाखवून दिली. शुक्रवारचा शेवटचा तास खेळाचा होता. आठवड्यातल्या ज्या एका तासात तो मुलगा कच्चा नव्हता, नेमका तोच आम्ही काढून घेतला होता. तो एकदाही तक्रार न करता व्हरांड्यात येऊन बसत होता. आम्ही वेळ बदलून ग्रंथालयाच्या तासावर नेली. तेही आदर्श नाही, पण खेळापेक्षा बरं.

दांडी

नवव्या आठवड्यात महाविद्यालयाच्या अंतर्गत परीक्षा लागल्या. त्यानंतर जर्नल सबमिशन, मग प्रॅक्टिकल. आमचे स्वयंसेवक एकेक करून कमी झाले. काहींनी मला मेसेज केला, काहींनी तोही नाही. ताईने मला विचारलं होतं, "मॅडम, दोन आठवडे नाही गेले तर चालेल ना?" आणि मी म्हणाले होते, "अगं, परीक्षा आधी." शाळेला कळवायचं माझ्याकडून राहिलं.

दोनाचे चार आठवडे झाले.

बाईंचा फोन आला तेव्हा मला सगळं समजलं. पहिल्या मंगळवारी तो वही घेऊन व्हरांड्यात येऊन बसला होता. शुक्रवारीही. बाईंनी सांगितलं, आज नसतील येणार, वर्गात ये. त्याने विचारलं, अजून थोडं थांबू? तिसऱ्या वेळी त्याने स्वतःच वजाबाक्या घातल्या आणि सोडवल्या, दीड पान, प्रत्येकीत रबर काढावं लागेल अशा. ताईला दाखवायला. पाचव्या वेळी तो आला नाही. त्यानंतर त्याने बाईंना एकदा विचारलं, "ताईंना दुसरा मुलगा दिलाय का?"

हे लिहिताना मला आजही जड जातं.

जीन ग्रॉसमन आणि जीन रोड्स यांनी २००२ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या वयाचे मार्गदर्शक आणि मुलं यांच्या जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या जोड्या वर्षभर किंवा त्याहून जास्त टिकल्या, त्या मुलांना सर्वांत जास्त फायदा झाला. ज्या तीन महिन्यांच्या आत मोडल्या, त्या मुलांचा स्वतःबद्दलचा विश्वास उलट घटला. आपल्याला अभ्यास जमतो, हा विश्वासही. असा उपक्रम चालवणाऱ्या प्रत्येकाने हे आधी वाचायला हवं, असं माझं ठाम मत आहे. स्वयंसेवक म्हणून जाणारा विद्यार्थी समजतो, मी गेलो तर थोडा फायदा, नाही गेलो तर शून्य. मुलाच्या बाजूने हिशोब तसा नसतो. आलेलं माणूस न सांगता यायचं थांबलं, तर ज्या मुलाला आधीच वाटतंय की आपल्यात काहीतरी कमी आहे, ते त्याचं कारण स्वतःतच शोधतं.

ताई परतली तेव्हा तो तिच्याशी नीट बोलला. नाराजी दाखवली नाही. तिने माफी मागितली, परीक्षा होती म्हणून सांगितलं, त्याने मान हलवली. मग वजाबाक्या दिल्या आणि पहिल्याच गणितात सातातून दोन गेले पाच. पूर्ण पान जुन्या रीतीने. ती घाबरली. पण काड्या काढल्यावर त्याने सगळं बरोबर केलं, न अडखळता. म्हणजे विसरला नव्हता. मग कागदावर जुनं का आलं? मधल्या काळात सराव नव्हता म्हणून, असं एक उत्तर आहे. नवी रीत त्याच्या मनात ताईसोबत जोडलेली होती आणि ताई गेल्यावर तीही गेली, असं दुसरं. ताईला तिसरं वाटतं: त्याला बघायचं होतं की ती परत पहिल्यापासून बसेल की नाही. या तिन्ही उत्तरांपैकी एकही मी खोडू शकत नाही.

आम्ही काय बदललं

सर्वांत आधी संख्या. 'हवेत तितके' हे वाक्य मी मुख्याध्यापकांकडे जाऊन मागे घेतलं. जेवढ्यांची खात्री आहे तेवढेच. निम्म्याहून जास्त नावं गळली आणि ते ठीक झालं.

मग काळ. पूर्ण वर्षाचं आश्वासन आमचे विद्यार्थी पाळू शकत नाहीत, हे उघड होतं. १९७४ मध्ये इस्रायलमध्ये सुरू झालेल्या 'पेराख' उपक्रमात विद्यार्थी वर्षभर, आठवड्यातून दोनदा मुलाला भेटतात, पण त्या बदल्यात त्यांना शिष्यवृत्ती मिळते आणि मागे मोठी व्यवस्था उभी असते. आमच्याकडे ते काही नव्हतं. म्हणून आठ आठवड्यांची फेरी ठरवली, महाविद्यालयाच्या परीक्षांचं वेळापत्रक समोर ठेवून, त्यांच्या अलीकडे संपणारी. पहिल्याच दिवशी मुलाला दिनदर्शिकेवर सोळा चौकोन दाखवायचे. इतक्या वेळा आम्ही येणार. हा शेवटचा. दर वेळी त्यानेच एक खोडायचा. छोटी मुदत म्हणजे कमी काम, असा काहींचा आक्षेप आला. पण पीटर कोहेन, जेम्स कुलिक आणि चेन-लिन कुलिक यांनी १९८२ मध्ये शिकवणीवरचे ६५ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा नीट आखलेल्या आणि कमी मुदतीच्या उपक्रमांचा परिणाम जास्त दिसला होता. इटलीत २०२० च्या टाळेबंदीत मिकेला कार्लाना आणि एलिआना ला फेरारा यांच्या उपक्रमात विद्यापीठातले विद्यार्थी विनामूल्य, आठवड्याला साधारण तीन तास, ऑनलाइन शिकवत होते. थोड्याच आठवड्यांत मुलांचा अभ्यास सुधारला आणि मनःस्थितीही. त्या विद्यार्थ्यांच्या पाठीशी अडल्यावर विचारायला शिक्षणातली जाणकार माणसं होती. आमच्याकडे ती जागा बाईंनी घेतली. महिन्यातून एकदा त्या आमच्या विद्यार्थ्यांना भेटतात आणि पंधरा मिनिटांत जे सांगतात ते माझ्या तासभराच्या भाषणात नव्हतं.

तिसरा बदल म्हणजे प्रत्येक मुलामागे दोन स्वयंसेवक. दोघं आलटून पालटून जातात, एकाची अडचण असेल तर दुसरा. आणि दोघांत एक वही. त्या दिवशी काय केलं, मूल कुठे थांबलं, काय म्हणालं. 'छान शिकला' असं लिहायचं नाही, मुलाचं वाक्य जसंच्या तसं लिहायचं. शुक्रवारी ती वही बाईंच्या टेबलावर ठेवायची. बाईंची अट त्यातच पूर्ण झाली, आणि त्या समासात लिहू लागल्या.

प्रमाणपत्राबद्दल आमच्यात वाद झाला. तासांवर प्रमाणपत्र दिलं की हजेरी वाढते, हे खरं आहे. पण पहिल्या फेरीत तास पूर्ण झाल्यावर मधूनच गेलेले काही जण होते आणि त्यांनी कागदावर काहीही चूक केली नव्हती. आता प्रमाणपत्र शेवटच्या चौकोनानंतरच मिळतं. कितीही तास झाले असोत, निरोप घेतल्याशिवाय नाही. काही विद्यार्थ्यांना हे कडक वाटतं. मला ते योग्य वाटतं.

ताईबद्दल एक गोष्ट राहिली. रबरबँडच्या त्या दिवसानंतर ती मला म्हणाली होती, "हातचा का घ्यायचा हे मला स्वतःला आत्ता कळलं." विज्ञान शाखेची, चांगल्या गुणांची मुलगी. कोहेन आणि कुलिक यांच्या त्या तपासणीतही शिकवणाऱ्यांचा स्वतःचा अभ्यास सुधारल्याचं दिसलं होतं. तिला आता शिक्षिका व्हायचंय. तो तिचा निर्णय आहे; उपक्रमाचं यश म्हणून तो मोजावा असं मला वाटत नाही, कारण उपक्रम त्या मुलासाठी होता.

दुसरी फेरी

मुलाने दुसऱ्या फेरीला यायचं की नाही, हे आम्ही त्यालाच विचारलं. त्याने विचारलं, "ताईच असणार?" ताई आणि एक दादा, दोघं, असं सांगितलं. चौकोन दाखवले. त्याने ते मोजले.

अपूर्णांक या फेरीत झाले, पण थोडे. मधला बराच वेळ तीन अंकी वजाबाकीने घेतला. तेराव्या चौकोनाच्या दिवशी दादाने दिलं ४०३ वजा १५८. वहीत दादाने लिहिलं आहे: "तीनातून आठ जात नाहीत म्हणाला. शेजारी गेला. तिथे शून्य. पाच मिनिटं थांबला. मी बोललो नाही. मग म्हणाला, दादा, इथे रबर काढायला गठ्ठाच नाही. मी म्हटलं, मग? तो म्हणाला, शंभराचा मोठा गठ्ठा आधी सोडायला लागेल. उत्तर २४५." समासात बाईंच्या अक्षरात: "माझ्या वर्गात हे फळ्यावर येऊन सोडवलं. बाकीच्यांना रबर म्हणजे काय ते समजावून सांगितलं."

पंधराव्या चौकोनाची नोंद ताईची आहे. "पुढच्या वेळी शेवटचा दिवस, हे त्याला माहीत आहे. त्यानेच आठवण करून दिली. मग विचारलं, ही वही कुणाकडे राहणार? मी म्हटलं, मॅडमना विचारते."

वही त्याच्याकडे आहे. मी फक्त छायाप्रत ठेवून घेतली.